हँग झालेला मोबाईल आणि 'रीसेट' या शब्दाचे दोन अर्थ

परभाषेतून मराठीत आलेल्या शब्दांचा विचार करताना आपण टेबल, स्टेशन, कोर्ट अशा जुन्या, रुळलेल्या शब्दांपाशी थांबतो. गेल्या पंधरावीस वर्षांत मोबाईलच्या पाठोपाठ जे शब्द आमच्या वरवट बकालच्या घराघरांत शिरले, त्यांच्याकडे वर्गात सहसा लक्ष जात नाही. 'हँग' हा त्यांपैकी एक. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजले, बोट फिरवले तरी काही हलेना, की आमच्याकडे शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सर्वजण 'मोबाईल हँग झाला' म्हणतात. एखादे म्हातारे माणूस 'अटकला रे बाप्पा' असे म्हणते, आणि माझ्या मते तोच शब्द अधिक नेमका आहे. 'रीसेट' हा दुसरा शब्द. पहिला निरुपद्रवी आहे. दुसऱ्याने मात्र आमच्या गावात नुकसान केलेले मी पाहिले आहे, कारण त्याचे अर्थ दोन आहेत आणि ते एकमेकांपासून फार दूर आहेत.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्राचे शिक्षण मला नाही. परंतु दोन उन्हाळी सुट्ट्या एका ओळखीच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर हाताखाली काम करण्यात गेल्या. तेथे जे पाहिले, व त्यानंतर जे वाचून समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय अगदी साधा आहे : ज्याची बॅटरी काढता येत नाही असा मोबाईल हँग झाल्यास तो पुन्हा सुरू कसा करावा, आणि तसे करताना काय मुळीच करू नये.

जुन्या साध्या मोबाईलच्या काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. नोकिया कंपनीचा ११०० हा मोबाईल २००३ साली आला आणि जगभर २५ कोटींहून अधिक विकला गेला. तो अडला की मागचे झाकण अंगठ्याच्या नखाने सरकवायचे, बॅटरी काढायची, तिचे पितळी रंगाचे ठिपके सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, एक फुंकर मारायची आणि परत बसवायची. फुंकरीचा उपयोग काय होता हे कोणी विचारू नये; परंतु बॅटरी काढण्याचा उपयोग निश्चित होता. वीज तुटली की यंत्राच्या डोक्यातला सगळा गोंधळ तुटत असे. हे ज्ञान कोणी पुस्तकातून घेतले नव्हते. एकाने दुसऱ्याचे पाहिले आणि गावभर झाले.

पुढे स्मार्टफोन आला. २००७ सालच्या पहिल्या आयफोनपासूनच बॅटरी आतल्या आत बंद होती. सॅमसंगने आपल्या गॅलेक्सी मालिकेतील एस-५ या फोनला २०१४ साली काढता येणारी बॅटरी दिली होती. २०१५ च्या एस-६ मध्ये ती गेली. हळूहळू स्वस्त फोनांतूनही ती नाहीशी झाली. यामागे कारणे आहेत. काढता येणाऱ्या बॅटरीला कठीण कवच लागते, झाकण लागते, झाकणाला खाचा लागतात, आणि या साऱ्याने फोन जाड होतो व त्यात पाणी शिरायला वाट राहते. आताची बॅटरी म्हणजे पातळ पाकिटात भरलेला मऊ ठोकळा असतो. तो डिंकासारख्या द्रव्याने आत चिकटवलेला असतो. त्याला सुरीचे वा स्क्रूड्रायव्हरचे टोक लागले तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून घरी झाकण उचकटून बॅटरी काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, हे पहिले सांगणे. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटऱ्यांविषयी एक कायदा केला आणि उपकरणातील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, अशी अट १८ फेब्रुवारी २०२७ पासून घातली. मात्र टिकाऊपणाच्या ठराविक कसोट्या पार करणाऱ्या स्मार्टफोनांना तीतून सूट ठेवली. तेव्हा नखाने झाकण काढण्याचे दिवस आमच्याकडे लवकर परत येतील, असे धरून चालता येत नाही.

आता फोन हँग होतो म्हणजे नेमके काय होते? आमच्या भागात दोन शेतांच्या मधून जाणारी पांदण सर्वांच्या परिचयाची आहे. समोरासमोरून दोन बैलगाड्या आल्या आणि दोघांनीही 'आधी तू मागे हो' असा हट्ट धरला, तर दोन्ही गाड्या तेथेच उभ्या राहतात. बैल ठणठणीत, गाडी शाबूत, गाडीवान जागा. आणि वाहतूक मात्र ठप्प. फोनमध्ये एकाच वेळी अनेक कामे चालतात आणि एक काम दुसऱ्याच्या हातची वस्तू मागत थांबते, दुसरे पहिल्याच्या. कधी एखादे काम घाण्याच्या बैलासारखे त्याच त्या फेऱ्यात अडकते व बाकीच्यांना पाळीच मिळत नाही. यंत्र मेलेले नसते, अटकलेले असते. म्हणूनच म्हाताऱ्यांचा शब्द मला नेमका वाटतो.

अडण्याचे निमित्त किती बारीक असू शकते याचे एक उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्यांनी तरी लक्षात ठेवावे. २०१८ च्या फेब्रुवारीत असे आढळले, की तेलुगू लिपीतील 'ज्ञा' हे अक्षर विशिष्ट रीतीने लिहून संदेशात पाठवले की आयफोनवरील तो संदेशाचा कार्यक्रमच कोसळतो. जोडाक्षर पडद्यावर कसे मांडावे याच्या हिशेबात चूक होती. देवनागरी आणि बंगाली लिपींतील काही जोडण्यांनाही तोच दोष बाधत असल्याचे पुढे दिसून आले. ॲपल कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली. एका जोडाक्षराने इतके महाग यंत्र जेरीस यावे, याचे व्याकरणाच्या तासाला कंटाळणाऱ्यांना थोडे कौतुक वाटावयास हरकत नाही.

आमच्याकडची कारणे मात्र याहून साधी असतात. पहिले म्हणजे जागा. फोनची साठवण सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि लग्नातल्या चलच्चित्रांनी काठोकाठ भरलेली असते. मग यंत्राला स्वतःच्या कामाचे कागद पसरायलाही जागा उरत नाही. दुसरे म्हणजे ऊन. ॲपल कंपनी आपला फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा असे सांगते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा ही मर्यादा वाचून हसू येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या संग्रामपूर तालुक्यात दुपारी सावलीसुद्धा ३५ अंशांची मिळत नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा आणि नोंद करायची. उघड्या रानात, भरलेल्या साठवणीचा फोन हातात धरून, नोंदीची मुदत संपत आलेली असताना तो अटकला म्हणजे काय होते, हे ज्याने अनुभवले त्याला अधिक सांगणे नको.

याच वर्षीची दुसरी एक घटना या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानाखाली २०१९ च्या सुमारास शासनाने स्मार्टफोन दिले होते. त्यांची संख्या राज्यात एक लाखाच्या घरात होती. त्या फोनांची कामाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, दोन जीबी होती. नोंदी वाढल्या, २०२१ साली केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप त्यात आले, आणि फोन तापू लागले, अटकू लागले. दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, आणि ॲप इंग्रजीत असल्याने भरता येत नाही, अशाही तक्रारी होत्या. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. गावोगावच्या बायकांनी हँग होणारी यंत्रे पिशव्यांत भरून शासनाच्या टेबलावर ठेवावीत, हा प्रकार मला तरी अपूर्व वाटतो. एरवी यंत्र चालले नाही की आपण स्वतःलाच अडाणी ठरवून मोकळे होतो. त्यांनी तसे केले नाही. बळकट यंत्रसुद्धा क्वचित अटकते आणि त्यावर खाली दिलेला उपाय आहे. पण जे यंत्र दिवसातून चारदा अटकते ते त्या कामाला अपुरे आहे, आणि त्यावर कोणतीही कळ दाबून उपाय होत नाही. हा भेद त्या सेविकांना नेमका कळला होता.

आता मुख्य प्रश्न. बॅटरी काढता येत नाही, मग वीज तोडायची कशी? पुष्कळांची समजूत अशी, की फोन बंद करण्याची कळ दाबणे म्हणजे फोनला 'बंद हो' अशी विनंती करणे. आणि ज्याचे डोकेच अटकले आहे तो विनंती काय ऐकणार? ही समजूत अर्धीच खरी आहे. कळ थोडा वेळ दाबली तर ती विनंतीच असते. पण फोनच्या आत मुख्य डोक्याखेरीज एक लहानशी वेगळी चिप असते. बॅटरीतून येणारी वीज कोणाला किती द्यायची हे ती पाहते. कळीची तार तिच्यापर्यंतही गेलेली असते. कळ किती सेकंद दाबलेली आहे हे ती स्वतः मोजते, मुख्य डोक्याला विचारीत नाही. आणि ठरलेली संख्या भरली की सरळ वीज तोडून नव्याने देते. घरात माणूस गाढ झोपला आहे, दिवा चालू राहिला आहे, हाका मारून तो उठत नाही. तेव्हा वायरमनने डीपीवरचा फ्यूज काढावा आणि परत घालावा, तसे हे आहे. घरमालकाची संमती लागत नाही.

म्हणजे बॅटरी काढण्याची सोय गेलेली नाही. ती झाकणाखालून उचलून एका कळीत आणि काही सेकंदांत ठेवली आहे. फरक इतकाच, की झाकण डोळ्यांना दिसत होते आणि सेकंद दिसत नाहीत. त्यामुळे एकाचे पाहून दुसऱ्याने शिकावे हे येथे घडत नाही.

जेथे मनुष्याचे बोटच पोहोचत नाही तेथे ही मोजणी यंत्राकडेच सोपवावी लागते. अमेरिकेचे 'पाथफाइंडर' हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक वरचेवर आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. पांदणीत गाड्या अडाव्यात तसाच प्रकार होता : एक महत्त्वाचे काम एका बिनमहत्त्वाच्या कामाच्या हातची वस्तू मिळण्याची वाट पाहत अडून राही. संगणकात एक राखणदार घड्याळ बसवलेले होते. ठरल्या वेळात काम झाले नाही की ते सगळे नव्याने सुरू करी. पृथ्वीवरील तंत्रज्ञांनी कारण शोधले आणि येथूनच दुरुस्ती पाठवली. आपल्या फोनांतही अशी राखणदार घड्याळे असतात, आणि पुष्कळदा हँग झालेला फोन दोनतीन मिनिटांत स्वतःच बंद होऊन सुरू होतो तो त्यांच्यामुळे. म्हणून घाई करू नये, हा पहिला नियम.

प्रत्यक्ष कृती आता सांगतो. फोन चार्जरला असेल तर काढावा. तापलेला असेल तर कव्हर उतरवून सावलीत ठेवावा. फ्रीजमध्ये किंवा माठाच्या ओल्या फडक्यावर ठेवू नये, कारण गरम यंत्र एकदम गार केले की आत दव धरते. मग दुसऱ्या फोनवरून त्याला फोन लावून पाहावा. घंटा वाजली तर यंत्र जिवंत आहे, फक्त पडदा अटकला आहे, इतके तरी कळते. पडद्यावर 'अपडेट' चालू असल्याची पट्टी किंवा आकडा दिसत असेल तर मात्र हात लावू नये. ते काम अर्ध्यात तोडल्यास फोन खरोखरच निकामी होऊ शकतो. अर्धा तास वाट पाहण्याने काही बिघडत नाही.

यानंतर, आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो, फोनचा आकडी पासवर्ड किंवा नक्षी आठवते का ते पाहावे. फोन नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही. आकडे किंवा नक्षीच लागते. आमच्या टपरीवर येणाऱ्या अनेक आजोबांना नातवाने ठसा लावून दिलेला असे आणि आकडे फक्त नातवालाच माहीत असत. नातू पुण्याला. फोन सुरू होई, पण उघडत नसे.

आकडे आठवले की कळ दाबावी. बहुतेक अँड्रॉइड फोनांत बाजूची वीजकळ एकटीच दाबून धरावी लागते. कोठे दहा-बारा सेकंद पुरतात. गूगल आपल्या सूचनेत तीस सेकंदांपर्यंत सांगते. मधेच पडद्यावर बंद करण्याची पाटी येईल, किंवा नव्या फोनात बोलणारा सहायक 'काय मदत करू' असे विचारील. त्याकडे लक्ष न देता बोट तसेच ठेवावे. शंभरातले ऐंशी लोक येथेच चुकतात. पाच सेकंद झाले की त्यांना वाटते पुष्कळ झाले, आणि ते बोट उचलतात. उचलले की त्या चिपची मोजणी शून्यावर जाते. मी लोकांना मोठ्याने तीसपर्यंत आकडे म्हणायला सांगत असे, आणि टपरीवर त्याची थट्टा होई, पण फोन सुरू होत.

सॅमसंगच्या फोनात बाजूची कळ आणि आवाज कमी करण्याची कळ या दोन्ही एकाच वेळी सात सेकंदांहून अधिक धरायच्या असतात. याच दोन कळा क्षणभर दाबल्या तर पडद्याचा फोटो निघतो; त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. आयफोन-८ आणि त्यानंतरच्या आयफोनांची रीत तर एखाद्या मंत्रासारखी आहे : आवाज वाढवण्याची कळ दाबून लगेच सोडायची, आवाज कमी करण्याची दाबून लगेच सोडायची, आणि मग बाजूची कळ धरून ठेवायची ती पडद्यावर सफरचंद उमटेपर्यंत. आयफोन-७ मध्ये बाजूची व आवाज कमी करण्याची कळ एकत्र, आणि त्याआधीच्या आयफोनांत बाजूची वा वरच्या कडेची कळ व खालचे गोल बटण एकत्र धरायचे.

एक गोष्ट टाळावी. वैतागून वीजकळ टकटक, टकटक अशी वारंवार दाबण्याची अनेकांना खोड असते. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये संकटकाळी मदत मागण्याची कळ असावी असा नियम केंद्र सरकारने केला, आणि स्मार्टफोनांत ती सोय बहुधा याच कळीवर, ती भराभर तीनदा वा पाचदा दाबण्यावर ठेवलेली असते. आपण फोनवर रागावलेलो असतो आणि तिकडे ११२ क्रमांकावर हाक जाते.

इतके करूनही पडदा काळाच राहिला तर कदाचित बॅटरीच संपलेली असेल. खात्रीच्या चार्जरला अर्धा-एक तास लावून पुन्हा कळ धरावी. वीजकळच तुटलेली असेल तर शेवटचा सबुरीचा उपाय म्हणजे फोन तसाच ठेवून बॅटरी आपोआप संपू देणे, आणि मग चार्जरला लावणे. एखादा दिवस जातो, परंतु ही अखेर बॅटरी काढण्याचीच जुनी युक्ती आहे. फोनची पाठ फुगलेली दिसत असेल तर मात्र चार्जरला मुळीच लावू नये, दाबूही नये.

असे सक्तीने सुरू केल्यास फोनमधले काही जाते का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. येथे वर्गातला फळा आणि आपली वही यांतला भेद ध्यानात घ्यावा. रॅम म्हणजे फळा. तास संपला की पुसला जातो, आणि वीज गेली की त्यावरचे सगळे जाते. अर्धवट भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज, टाईप करून न पाठवलेला संदेश हे फळ्यावर असते, ते जाईल. फोटो, फोननंबर, ध्वनिमुद्रणे ही वहीत असतात, ती राहतात. या क्रियेला इंग्रजीत 'रीस्टार्ट' म्हणावे, आणि आमच्याकडे तिलाही 'रीसेट' म्हणतात. येथूनच घोटाळा सुरू होतो. कारण 'फॅक्टरी रीसेट' या दुसऱ्या क्रियेलाही 'रीसेट'च म्हणतात, आणि तिच्यात वही जाळली जाते. फोन कारखान्यातून निघाला तेव्हा जसा कोरा होता तसा होतो.

माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये मुद्रित केल्या होत्या. आजीला धाप लागे, म्हणून रोज थोड्या थोड्या, अशा तीन आठवडे. पुढे दिवाळीनंतर आजी वारली. माघात तिचा फोन हँग झाला. तिच्या वडिलांनी तो तालुक्याबाहेरच्या एका दुकानात नेला आणि 'रीसेट करून द्या' म्हटले. दुकानदाराने शब्दशः तसे करून दिले. पंधरा मिनिटांचे काम, शंभर रुपये. फोन नव्यासारखा चालू लागला. आधी तीस सेकंद कळ धरून पाहिली होती का, असे मी तिच्या वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, तसे काही असते हे मला कोणी सांगितले नाही. ते गहिवरलेले होते. मी पुढे काही विचारले नाही. तिच्या वहीत कच्च्या उतरवून घेतलेल्या अकरा ओव्या आहेत. चाल नाही, आवाज नाही.

पुष्कळांना वाटते की पुसलेले परत काढता येते. जुन्या फोनांत कधी कधी जमत असे. नव्या अँड्रॉइड फोनांत आणि आयफोनांत सगळी माहिती गुप्त लिपीत साठवलेली असते आणि फॅक्टरी रीसेटमध्ये त्या लिपीची किल्लीच नष्ट होते. किल्लीशिवाय ती कोणाला वाचता येत नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानालाही नाही.

हे पुसण्याचे काम चुकून घरीही होऊ शकते. काही फोनांत वीजकळ आणि आवाज वाढवण्याची कळ एकत्र धरली गेली तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची एक यादी उघडते. तिला 'रिकव्हरी' म्हणतात. बोटाने ती पुष्कळदा चालत नाही. आवाजाच्या कळांनी वरखाली जायचे आणि वीजकळीने निवडायचे. त्यात 'रीबूट सिस्टिम नाऊ' अशी एक ओळ असते. तीच निवडावी, फोन मुकाट्याने नेहमीसारखा सुरू होतो. त्याच यादीत 'वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट' ही ओळ असते. 'वाइप' म्हणजे पुसणे, एवढा एक इंग्रजी शब्द घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवावा. यादी मराठीत का नसावी, असा प्रश्न मला पडतो. फोनचे बाकी सगळे मराठीत करता येते. आणि जेथे एका ओळीच्या चुकीने सर्वस्व जाते नेमका तेवढाच पडदा इंग्रजीत राहतो.

फॅक्टरी रीसेटची आणखी एक अडचण आमच्या गावांत विशेष आहे. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आली, की या मार्गाने पुसलेला फोन सुरू करताना तो आधीचे गूगल खाते आणि पासवर्ड मागतो. चोराला उपयोग होऊ नये म्हणून ती केलेली आहे आणि योग्यच आहे. पण आमच्याकडे ते खाते फोन विकणाऱ्याने काउंटरवर पाच मिनिटांत उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याने मनाने घातलेला असतो आणि ग्राहकाला तो कधीच कळलेला नसतो. मग पुसूनही फोन चालत नाही, आणि मालकच चोर ठरतो. ज्याचे खाते असे उघडले गेले आहे त्याने आजच, फोन चांगला चालत असताना, पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवावा. जपून ठेवावयाचे फोटो आणि आवाज गूगलच्या खात्यात, जेथे १५ जीबीपर्यंत जागा विनामूल्य मिळते, किंवा निदान घरातल्या दुसऱ्या एका फोनवर उतरवून ठेवावेत. लोकसाहित्याच्या प्रकल्पांची मुद्रणे विभागाच्या संगणकावर त्याच आठवड्यात घ्यावीत, असे मी आमच्या सरांना सुचवले आहे.

फोन सुरू झाला आणि पुन्हा पुन्हा अटकू लागला, तर साठवणीत दोनतीन जीबी जागा मोकळी करावी, आणि हल्लीच कोणते ॲप घेतले ते आठवून काढून टाकावे. 'सेफ मोड' नावाची एक सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तीत बाहेरून घेतलेली सगळी ॲप तात्पुरती झोपवली जातात. तेथे फोन नीट चालला तर दोष ॲपचा आहे असे समजावे.

आणि दुकानात नेण्याची वेळ आलीच, तर 'रीसेट करून द्या' हे शब्द तोंडातून काढू नयेत. फोन हँग झाला आहे, वीजकळ तीस सेकंद धरून पाहिली आहे, चालू करून द्या, आतले काही पुसू नका, पुसल्याशिवाय इलाजच नसेल तर आधी मला विचारा. इतके सांगावे, आणि शक्य तर चिठ्ठीवर लिहून तिच्यावर आपला दुसरा नंबर घालून ती फोनला रबराने बांधून द्यावी. आमच्या टपरीवर अशा चिठ्ठीचे फोन वेगळ्या डब्यात ठेवीत असत.